जुन्या सर्व्हेवाल्यांना एकत्र आणा

माननीय संपादक,
मार्केट रिसर्च आणि सामाजिक सर्वेक्षणात आयुष्य घालवलेली माणसं रिटायर झाली की एकमेकांपासून तुटतात, त्यांचं हक्काचं नेटवर्क हवंच असं मला मनापासून वाटतं. १९३६ साली अमेरिकेत लिटररी डायजेस्ट या साप्ताहिकाकडे वाचकांना व इतरांना पाठवलेल्या मतपत्रिकांची २० लाखांवर उत्तरं येऊनही निवडणुकीचा अंदाज साफ चुकला आणि जनमत चाचण्या घेणाऱ्या जॉर्ज गॅलपचं कितीतरी लहान सॅम्पल बरोबर ठरलं, हे पुस्तकात मिळतं. पण दार अर्धवट उघडून उभ्या बाईला, आतून कोणीतरी ऐकतंय हे ओळखून प्रश्न कसा विचारायचा, ते कुठे लिहिलंय? ते फील्डवर चपला झिजवलेल्यांनाच माहीत. त्यांच्या कागदी प्रश्नावल्या, कोडिंगच्या (उत्तरांना आकडे देण्याच्या) वह्या रद्दीत जायच्या आत कुणीतरी गोळा करा, आणि हो, नव्या पोरांनाही त्यात घ्या.
– एक निवृत्त संशोधक