सत्तावीस मेंढ्या आणि पहिली ऑर्डर : आयर्लंडच्या उद्योगमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय उद्योग, पर्यटन व रोजगार मंत्री,
आयर्लंड सरकार, किल्डेअर स्ट्रीट, डब्लिन

विषय : नव्या पदवीधर डिझायनरांना थोड्या प्रमाणात आयरिश लोकरीचे कापड मिळावे याबाबत

मंत्रीमहोदय,
स. न. वि. वि.

आम्ही आयर्लंडमध्ये कापड, विणकाम आणि पॅटर्न-कटिंगच्या (कपड्याचे साचे आखून कापण्याच्या) कामात असलेली मराठी माणसे. या पत्राची इंग्रजी प्रत आपल्या कार्यालयाकडे वेगळी पाठवत आहोत. मराठीत लिहिले ते इथे डिझाइन शिकायला आलेल्या आणि येऊ पाहणाऱ्या आपल्या मुलामुलींनीही हे वाचावे म्हणून.

डब्लिनचे नॅशनल कॉलेज ऑफ आर्ट अँड डिझाइन आणि लिमरिक स्कूल ऑफ आर्ट अँड डिझाइन यांतून दरवर्षी पदवीधर बाहेर पडतात. आयरिश गोष्ट कपड्यातून सांगण्याची ताकद त्यांच्यात आहे. रोशीन पिअर्स यांनी कॅथलिक नन्सनी चालवलेल्या मॅग्डालेन धुलाईगृहांत सक्तीने राबवलेल्या स्त्रियांची आठवण पांढऱ्या क्रोशाकामात आणि कापड वाया न घालवणाऱ्या कटिंगमध्ये मांडली. 2019 मध्ये फ्रान्समधल्या इएर फॅशन महोत्सवात त्यांच्या कामाला शनेल या फॅशन घराण्याचा मेतिए दार (कारागिरीचा) पुरस्कार मिळाला. वेक्सफर्डच्या रिचर्ड मलोन यांना लोकरीच्या डिझाइनसाठीचा 2020 चा आंतरराष्ट्रीय वूलमार्क पुरस्कार मिळाला; त्यांच्या कामात तमिळनाडूच्या हातमाग विणकरांचाही हात आहे. त्याआधीच्या पिढीत सिबिल कॉनली होत्या. त्या रुमालाच्या तलम लिननला इतक्या बारीक चुण्या घालत की नऊ वारांचे एक वार होई. नऊवारी नेसणाऱ्या घरात वाढलेल्या माणसाला हा हिशेब लगेच समजतो.

गुण दिसतो, कौतुकही होते. पदवीच्या सहा पोशाखांनंतर दुकानाची पहिली ऑर्डर येते, तिथे मात्र गाडी अडते. ती नेमकी कुठे अडते, हे आकड्यांत सांगतो.

समजा एका दुकानाने एकाच रंगाची 24 जॅकेटे मागितली. दीड मीटर पन्ह्याच्या ट्वीडमधून (जाडसर लोकरी कापडातून) एका जॅकेटला सव्वादोन मीटर कापड लागते, म्हणजे एकूण 54 मीटर. चौरस मीटरला 350 ग्रॅम वजनाचे कापड धरले तर तयार कापड 28 किलोच्या आसपास भरते. मागावर उरणारी ताण्याची टोके आणि धुवून आटवताना येणारी घट धरून सूत 33 किलो लागेल. कार्डिंग (लोकर पिंजणे) आणि कताईतली तूट मोजली तर धुतलेली लोकर साडेसदतीस किलो. धुताना माती, घामाचे क्षार आणि लॅनोलिन (लोकरीतले मेण) निघून शंभरातले पासष्ट उरतात, त्यामुळे कच्ची लोकर 58 किलो. पोटाखालची आणि लेंड्या चिकटलेली लोकर आधीच बाजूला काढायची, ती धरून 68 किलो. मेंढीमागे अडीच किलो लोकर धरली तर मेंढ्या झाल्या सत्तावीस.

सत्तावीस मेंढ्या म्हणजे एका लहान शेतकऱ्याचा कळप. अलीकडच्या वर्षांत त्याला कच्च्या लोकरीचे किलोला 20 सेंटच्या आसपास, कधी त्याहूनही कमी मिळतात, आणि मेंढी कातरायचा खर्च त्याच्या कितीतरी पट असतो. डिझायनरने त्याला किलोला 2 युरो दिले, म्हणजे दहापट, तरी 68 किलोचे 136 युरो होतात. एका जॅकेटवर त्याचा भार सहा युरोही पडत नाही. कच्च्या मालाची किंमत हा अडथळा मुळीच नाही.

अडथळा आहे धुलाईचा. आयर्लंडमध्ये व्यापारी प्रमाणावर लोकर धुणारा कारखाना उरलेला नाही. लोकर इंग्लंडमध्ये यॉर्कशायरला जाते, आणि ब्रेक्झिटनंतर त्या वाटेवर कस्टमची कागदपत्रे आली. कच्ची लोकर कायद्याने प्राणिजन्य उप-उत्पादन असल्याने त्या नियमांचे कागद वेगळे. तिथल्या मोठ्या यंत्राला शेकडो किलोंचा, टनांचा माल लागतो. 68 किलो पाठवले तर ते कुणाच्या तरी मोठ्या लॉटमध्ये मिसळतात. मिसळली की कुठल्या शेतातली लोकर हे सांगता येत नाही, आणि डिझायनर जी गोष्ट विकणार होती ती त्या धुलाईच्या कुंडातच संपते.

म्हणून आमची पहिली मागणी लहान धुलाईघराची आहे. एका वेळी 50 ते 100 किलोचा लॉट वेगळा ठेवून धुणारे, पश्चिम किनाऱ्याजवळ कुठेतरी. यंत्र फार अवघड नाही: ओळीने चार-पाच कुंडे, पहिल्या दोनांत साबण-द्रव, पुढच्यांत साधे पाणी, प्रत्येक कुंडानंतर पिळणारे रूळ. लॅनोलिन 40 अंशांच्या आसपास वितळते, म्हणून पाणी 55 ते 65 अंश ठेवावे लागते. मधेच ते थंड झाले की मेण पुन्हा तंतूंवर बसते आणि कार्डिंगच्या दातांत चिकटते. फार ढवळले तर लोकरीचा नमदा होतो. या गोष्टी शिकवून येतात. लहान धुलाईघरे बुडतात ती सांडपाण्यामुळे. त्या पाण्यात मेण, माती आणि मेंढ्यांच्या औषधांचे अंश असतात, ते थेट गटारात सोडता येत नाही. मेण वेगळे काढणारे सेंट्रिफ्यूज आणि सांडपाणी प्रक्रिया हा खर्च यंत्राइतकाच, कधी अधिक असतो. एकट्या उद्योजकाला तो झेपणार नाही. सरकारने भांडवल घालायचे असेल तर इथे घालावे.

दुसरी मागणी कापडाच्या साठ्याची. वायव्येकडच्या डोनेगल परगण्यात किलकार आणि आर्डारा इथे कताई आणि विणाई दोन्ही अजून जिवंत आहेत. तिथल्या ट्वीडमधले रंगीत ठिपके म्हणजे लोकरीच्या घट्ट वळलेल्या बारीक गोळ्या. त्या कार्डिंगच्या अगदी शेवटी टाकतात, आधी टाकल्या तर पिंजून नाहीशा होतात. इतके बारकाईचे ज्ञान असलेली माणसे तिथे आहेत. पण यंत्रमागावर नवा ताणा चढवायला जो वेळ लागतो तो 10 मीटरला आणि 60 मीटरला जवळपास सारखाच. त्यामुळे गिरणी रंगामागे किमान एक ठाण मागते, आणि त्यात तिची चूक नाही. तीन रंग हवे असलेली पदवीधर तीन ठाणे घेऊ शकत नाही. ती मग तयार, परदेशी, कुठले ते न कळणारे कापड घेते. सरकारने दरवर्षी काही ठाणे गिरण्यांकडून आगाऊ विणून घ्यावीत आणि नवोदितांना 5 मीटरपासून गिरणीच्याच दराने द्यावीत. ताणा एकच ठेवून बाणा बदलला तरी एका ठाणात तीन-चार रंग निघतात. हे गिरण्यांना उत्तम ठाऊक आहे, त्यांना फक्त खात्रीचे गिऱ्हाईक हवे.

इथे एक कबुली दिलीच पाहिजे. सगळी आयरिश लोकर अंगाला लागणाऱ्या कपड्याची नाही. 30 मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाड तंतू शंभरात पाचाहून अधिक झाले की कापड टोचते. डोंगरातल्या काळतोंड्या मेंढीची लोकर त्याहून जाड असते, आणि तिच्यातले ठिसूळ पांढरे केस रंग घेत नाहीत. ती गालिचे, पिशव्या आणि उष्णतारोधक थरांसाठी बरी. अस्तर लावलेल्या जॅकेटला गॉलवे जातीची लोकर चालते. बनियनसारख्या कपड्याला मेरिनो मेंढीची मऊ लोकर बाहेरून आणावी लागेल, आणि ती आणली हे लेबलवर लिहावे लागेल. महाराष्ट्रात दख्खनी मेंढीच्या लोकरीचे हेच आहे. सणगरांनी चिंचोक्याची खळ लावून विणलेली घोंगडी पाऊस अडवते, पण तिचा कुर्ता शिवत नाहीत.

गोष्ट खरी असावी यासाठीही सरकारचे काम आहे. पश्चिमेकडच्या अरन बेटांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या स्वेटरची वीण पाहून बुडालेल्या कोळ्याचे घराणे ओळखत, ही कथा पर्यटकांना सर्रास सांगतात. तिचा उगम 1904 सालच्या एका नाटकातल्या प्रसंगात आहे, आणि तिथेही ओळख पटते ती मोज्यावरून, सुटलेल्या टाक्यांनी. मेयो परगण्यात टर्लो पार्कच्या राष्ट्रीय संग्रहालयात लोकजीवनाचा मोठा संग्रह आहे. पदवीधरांना तिथले कपडे काचेबाहेर, उलटी बाजू आणि शिवण पाहता येईल असे अभ्यासदिवस ठरवून द्यावेत. उलट बाजू पाहिल्याशिवाय विणकाम कळत नाही.

हस्तकला व औद्योगिक वस्तूंच्या भौगोलिक ओळखीचा युरोपीय नियम 1 डिसेंबर 2025 पासून लागू झाला आहे. डोनेगल ट्वीडला त्याचे संरक्षण देताना सूत कुठे कातले आणि लोकर कुठली, हे दोन रकाने सक्तीचे करा. स्कॉटलंडच्या हॅरिस ट्वीडच्या 1993 च्या कायद्यात कताई, रंगाई आणि विणाई तिन्ही तिथल्या आउटर हेब्रिडीज बेटांतच व्हायला हवी असे स्पष्ट आहे, म्हणून तो ट्वीड टिकला. आमच्याकडे पैठणीला भौगोलिक मानांकन मिळाले, पण बाजारात यंत्रमागाची नक्कल पैठणी म्हणूनच विकली जाते. नुसत्या शिक्क्याने भागत नाही, तपासनीस लागतो.

आणखी दोन गोष्टी, थोडक्यात. हिवाळी मालाची ऑर्डर फेब्रुवारी-मार्चमध्ये पडते, माल जुलै-ऑगस्टमध्ये पोचतो, दुकान पैसे त्यानंतर महिना-दोन महिन्यांनी देते. कापडाचे पैसे मात्र आधी मोजावे लागतात. खर्च करून पावत्या दाखवल्यावर मिळणारे अनुदान या सहा-आठ महिन्यांत कामाला येत नाही. दुकानाची लेखी ऑर्डर तारण धरून कापडापुरते कर्ज हवे. दुसरी गोष्ट ग्रेडिंगची, म्हणजे एका मापाचा पॅटर्न इतर मापांत बसवण्याची. कापड वाया न घालवणारा पॅटर्न एकाच मापाला, एकाच पन्ह्यात चपखल बसवलेला असतो. माप 10 चे 16 केले की तुकडे एकमेकांत बसत नाहीत आणि प्रत्येक मापाची मांडणी नव्याने करावी लागते. हातमागाच्या 75 सेंटिमीटर पन्ह्यावर तर सगळेच वेगळे. अनुभवी पॅटर्न-कटरचे चार-पाच दिवस अनुदानातून मिळाले, तर पहिली ऑर्डर परत येणे टळेल.

2003 च्या कला कायद्यात दृश्यकला, नाट्य, साहित्य, संगीत, नृत्य, ऑपेरा, चित्रपट, सर्कस आणि वास्तुकला यांची नावे आहेत. फॅशनचे नाही. तो कायदा आपल्या खात्याचा नसला तरी मंत्रिमंडळात आपण हा विषय मांडावा अशी विनंती आहे.

धुलाईघर उभे राहायला वेळ लागेल हे आम्ही जाणतो. एक काम लगेच होण्यासारखे आहे. कातरणी मेच्या अखेरीस जोर धरते. त्याआधी शेतकऱ्यांपर्यंत साधी सूचना जावी: मेंढी कोरडी असतानाच कातरा, ओली लोकर पोत्यात पिवळी पडते, पोटाची लोकर वेगळी ठेवा, खुणेचा रंग धुऊन जात नाही, तो डोक्यावर लावा, पाठीवर नको, प्लास्टिकच्या विणलेल्या पोत्यात भरू नका, त्याचे धागे लोकरीत मिसळतात आणि कापड रंगवून झाल्यावरच दिसतात.

आपले,
आयर्लंडमधील काही मराठी वस्त्र-व्यावसायिक