काकाजी, तुम्ही आधी पाणी पाहिलं

आदरणीय काकाजी,
साष्टांग नमस्कार.

मिस्त्रीकामाची मजुरी दिली की व्यवहार संपतो, आभाराचं पत्र कुणी लिहीत नाही. माझा हिशोब मात्र मजुरीनं फिटलेला नाही, म्हणून सगळ्यांसमोर लिहिते आहे. नातवाकडून वाचून घ्या.

गेल्या वर्षी जूनमध्ये बदली होऊन मी बुलढाण्याहून आरमोरी तालुक्यात आले. आमच्यापेक्षा इकडे दीडपटीहून जास्त पाऊस पडतो, हे मी वर्गात शिकवत आले होते. श्रावणात ते अनुभवलं. आठवडाभर झड लागली आणि भाड्याच्या खोलीची मागची भिंत कमरेपर्यंत ओली झाली. ऑइलपेंटला फुगे आले, पोपडे गळू लागले. दिवाणामागे आणि चुलीच्या कोपऱ्यात वर टिनाजवळ काळी बुरशी. गाद्या, वह्या, गणवेश, सगळ्याला कुबट वास. माझा सहा वर्षांचा मुलगा रात्री उठून बसायचा, छाती शिट्टीसारखी वाजायची. डॉक्टरांनी पहिला प्रश्न केला तो हाच, "घरात ओल आहे का?"

घरमालक म्हणायचे, तुम्ही ओले कपडे आत वाळवता, खिडकी लावून स्वयंपाक करता. मी म्हणायचे, भिंत तुमची. जागतिक आरोग्य संघटनेनं २००९ मध्ये घरातल्या ओल-बुरशीवर मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात दम्याचा उल्लेख आहे, हेही मी त्यांना मोबाइलवर वाचून दाखवलं. ते आणखीच चिडले. गावात ज्याला विचारावं तो वॉटरप्रूफ रंग सांगायचा. मी रंगाचा डबा आणायला निघालेही होते.

तुम्ही शेजारी कवेलू (कौलं) फेरायला आला होता. मी सहज विचारलं, कोणता रंग घेऊ? "मॅडम, रंग राहू द्या. आधी पाणी कुठून येते ते पाहू," म्हणालात आणि आत आलात. करणीनं भिंतीवरची पांढरी भुकटी खरवडली, बोटावर घेऊन जिभेला लावली. "खारट हाये. हा लोणा, भितीतून निघालेला खार. बुरशी नाई. बुरशी ते काळं." मी दोन महिने त्या पांढऱ्यालाच बुरशी समजून घासत होते.

मग दुधाच्या पिशवीचे दोन चौकोन कापून एक मागच्या भिंतीला, एक चुलीच्या कोपऱ्यात, चारी बाजूंनी चिकटपट्टीनं घट्ट बसवलेत. दुसऱ्या संध्याकाळी घरमालकांना घेऊनच आलात. मागच्या भिंतीवर थेंब होते प्लास्टिकच्या आत, भिंतीकडून. कोपऱ्यात मात्र प्लास्टिकच्या बाहेरून, खोलीकडून. "हे भिंतीचं पाणी, हे वाफेचं. दोघंही खरं बोलता." घरमालक हसले, मीही हसले. त्या दोन चौकोनांनी आमचं भांडण मिटवलं.

घरामागे गेल्यावर सगळं उघड झालं. सिमेंटचा रस्ता झाल्यापासून अंगण वीतभर खाली गेलेलं, टिनाचं पाणी थेट पायाशी पडत होतं आणि तिथंच भिंतीला टेकून मातीचा ढीग. विटांची जुडाई मातीची, पायात डीपीसी, म्हणजे ओल वर चढू न देणारा थर, नाही. पाणी विटांमधून वर चढत होतं आणि आतल्या सिमेंट-ऑइलपेंटमुळे त्याला बाहेर पडायला वाटच नव्हती. वॉटरप्रूफ रंगानं ते आणखी वर गेलं असतं, हे तेव्हा कळलं.

माती काढून नाली उतारावर घेतली, टिनाला पन्हाळ लावली. बुरशी कोरडी घासायची नाही म्हणालात, उडते ती. मुलाला बाहेर पाठवून, नाकाला ओढणी बांधून मी साबणाच्या पाण्यानं ओल्या फडक्यानं पुसली. गोणपाट कोंबलेला झरोका मोकळा केला, दिवाण हातभर पुढे ओढला, कपडे छपरीत गेले. गिलावा मात्र तुम्ही लगेच करू दिला नाही. ओलीच्या रेघेच्या वरपर्यंत जुना सिमेंटचा थर पाडला आणि भिंत दिवाळीपर्यंत उघडी वाळत ठेवली. उघड्या विटांच्या त्या खोलीत राहताना मी कितीदा तुमच्या मागे लागले, पण तुम्ही ऐकलं नाही. दिवाळीनंतरच चुन्याचा गिलावा केलात. चुना, पन्हाळ घरमालकांनी दिली. तुम्ही फक्त गिलाव्याच्या दिवसांची मजुरी घेतली, आधीचे सगळे फेरे चहावर.

यंदाही झड लागली. मुलगा रात्रभर झोपतो. छाती आताशा क्वचितच वाजते. मागच्या भिंतीवर मी तसाच एक चौकोन चिकटवलाय. बाहेरून कोरडा दिसतो, आतून कसा आहे ते मी पाहिलेलं नाही. रविवारी घरी या, काकाजी. तो तुमच्या हातानं काढा आणि जेवूनच जा.

आपली,
शाळेतली मॅडम