साडेसहाचंच काडतूस घेतलं

ऊमिओ, स्वीडन
16 ऑगस्ट 2025

ती. आई-बाबांस सा. न.

मी मजेत आहे. जेवण वेळेवर होतं, स्वेटर अजून कपाटातच आहेत. आई, मी शिकारीची रायफल घेतल्याचं ऐकून तू रात्रभर जागी होतीस असं धाकटीनं सांगितलं. अगं, शिकारीची परीक्षा पास झाल्यावरच पोलीस परवाना देतात आणि रायफल कुलूपबंद पोलादी कपाटात असते.

इथली रीत तुम्हाला पटकन कळायची नाही. उत्तरेत सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी मूसची शिकार सुरू होते. मूस म्हणजे सांबराचाच गोतावळा, पण मोठा नर चारशे किलोच्या वर भरतो. त्या आठवड्यात गावंच्या गावं रजा काढतात, आपल्याकडे सुगीला काढतात तशी. प्रत्येकाला जागा नेमून दिलेली असते. तिथे नारिंगी टोपी घालून तासन्‌तास गप्प बसायचं, कुत्रा रान धुंडाळत जनावर शोधतो. मांस शिकारीच्या सगळ्या टोळीत वाटलं जातं, कित्येक घरांत ते वर्षभर पुरतं. आणि आई, जखमी जनावर तडफडत सोडत नाहीत. माग काढायला शिकवलेला कुत्रा दोन तासांत तिथे पोचेल, ही सोय कायद्यानंच सक्तीची आहे.

बाबा, ही स्वप्निल कुसाळेसारखी रायफल नव्हे. पॅरिसला त्यानं कांस्य मिळवलं ती बारीक नळीची पॉइंट टू-टू, 50 मीटरवरच्या नेमबाजीची. तिची गोळी जेमतेम अडीच ग्रॅमची. मूससाठी कायदा गोळीचं वजन आणि जोर दोन्ही बघतो. गोळी 9 ते 10 ग्रॅमची असेल तर 100 मीटरवर 2700 ज्यूल इतका जोर लागतो. 10 किंवा जास्त ग्रॅमची असेल तर 2000 ज्यूल पुरतात. म्हणजे 9 ग्रॅमची गोळी तिथे सेकंदाला 775 मीटर वेगानं पोचायला हवी, 10 ग्रॅमचीचं 633 वर भागतं. माझं काडतूस 6.5 बाय 55, म्हणजे नळी साडेसहा मिलिमीटरची आणि काडतुसाचं कवच 55 मिलिमीटर लांब. त्याची 140 ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) गोळी 9.07 ग्रॅमची, ती इथे काठावर अडकते. नळी आखूड असली की कमीच पडते. म्हणून शिकारीला 156 ग्रेनची, 10.1 ग्रॅमची, अंगात शिरल्यावर फुलणारी गोळी.

लांबच्या निशाण्याला मात्र 140 ग्रेनचीच, टोकदार आणि निमुळत्या बुडाची. .308 या जाड गोळीच्या काडतुसापेक्षा ती वाऱ्यानं साधारण तिसऱ्या हिश्श्यानं कमी सरकते. तरी 100 मीटरवर नेम बसवला तर 600 वर ती जवळजवळ तीन मीटर खाली येते, तेवढी दुर्बीण फिरवावीच लागते. .300 मॅग्नम या दांडग्या काडतुसाला जोर जास्त, पण धक्काही तसाच. धक्क्याच्या धास्तीनं बोट चाप हिसकतं आणि नेम तिथेच चुकतो. 2007 चं 6.5 क्रीडमूर हे काडतूस निशाण्याला तितकंच चांगलं. पण 6.5 बाय 55 च्या लांब काडतुसात जड गोळी ऐसपैस बसते, म्हणून हे.

गोळी बदलली की नेम पुन्हा 100 मीटरवर तपासायचाच. निशाण्याची गोळी जनावरावर कधीच नाही, ती भरवशानं फुलत नाही. आणि कुणी स्वस्तात जुनी मॉझर 96 रायफल दिली तर तिच्यात नव्या रायफलींसाठी भरलेली जोरदार काडतुसं घालायची नाहीत. तिची घडण तेवढा दाब सोसायची नाही.

धाकटीच्या लग्नाचे दोन लाख या आठवड्यात पाठवते. रायफलीचा खर्च त्यातून केलेला नाही, बाबा, ते पैसे वेगळे होते. माझ्या स्थळाचं दिवाळीनंतर बोलू, तोवर कुणाला शब्द देऊ नका.

आई, यंदा गौरीपूजन नेमकं 1 सप्टेंबरला, त्याच सोमवारी आलंय. टोळीला आधीच हो म्हणून बसले. माझ्या वाटचं गौरींना धाकटी ओवाळेल ना? हळदीच्या आदल्या दिवशी मी घरी असेन, तिकीट काढलंय.

तुमची,
माई