आई-बाबा, मी मागितला तरी ओटीपी देऊ नका

आई, बाबा,

साष्टांग नमस्कार. हे फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर बाबा "हो हो, कळलं" म्हणतात आणि फोन आईच्या हातात देतात, म्हणून लिहितेय. अक्षर मोठं ठेवलंय, चष्मा लावून सावकाश वाचा, एका बैठकीत नाही झालं तरी चालेल.

आधी जे कबूल करायचंय ते करते. शनिवारी दुपारी बाबा झोपले होते तेव्हा मी आईला फोन केला आणि दोघांच्या मोबाईलवर आलेले ओटीपी वाचून घेतले, एकूण सहा. आईने विचारलं "कशाला गं?", मी म्हटलं "नंतर सांगते, पटकन वाच, वेळ संपेल", आणि तिने वाचले. त्यावर मी तुमच्या दोघांच्या आधारचं बायोमेट्रिक लॉक केलं, दोघांचे क्रेडिट रिपोर्ट, म्हणजे तुमच्या नावावरच्या कर्जांच्या नोंदी, काढले आणि तुमच्या नावावर किती सिमकार्डं चालू आहेत ते बघितलं. बाबा, तुम्हाला न विचारता केलं हे चुकलंच. रागवायचं तर माझ्यावर रागवा, आईला काही बोलू नका, तिला मी घाई केली होती.

घाई का केली ते सांगते. ज्या कंपनीकडे आपली मेडिक्लेम आहे तिथून माहिती चोरीला गेली आहे. मला त्यांचा मेल आला, "आपल्या माहितीपैकी काही भाग बाहेर गेला असण्याची शक्यता आहे" अशा गुळमुळीत भाषेत. पण आपण त्यांना काय काय दिलं होतं ते मला माहितीये ना, ते फॉर्म मीच तर भरले होते. आधारची झेरॉक्स, पॅन, जन्मतारीख, पत्ता, दोघांचे मोबाईल नंबर, बँकेचा कॅन्सल केलेला चेक, आणि बाबांच्या अँजिओप्लास्टीची पूर्ण फाईल. त्या रात्री मला झोप लागली नाही. कार्ड हरवलं तर नवीन मिळतं, पासवर्ड बदलता येतो, जन्मतारीख कशी बदलणार? बाबा, तुम्ही म्हणाल हे आपल्याकडेच होतं, पण २०१७ साली अमेरिकेत इक्विफॅक्स म्हणून लोकांच्या कर्जाच्या नोंदी ठेवणारी कंपनी आहे तिच्याकडून जवळजवळ १४ कोटी ७० लाख लोकांची माहिती गेली होती. अशी माहिती शिळी होत नाही हो. आज काही झालं नाही म्हणजे दोन वर्षांनी होणार नाही असं नाही.

आणि खरं सांगायचं तर आजही काहीतरी झालंय. बाबा, तुमच्या क्रेडिट रिपोर्टमध्ये गेल्या महिन्यातली एक चौकशी दिसतेय, एका कर्ज देणाऱ्या संस्थेची, जिचं नाव आपल्या घरात कोणी ऐकलेलं नाही. म्हणजे कोणीतरी तुमच्या पॅनवर कर्ज मागून बघितलं. घाबरू नका, कर्ज मिळालेलं नाही, रिपोर्टमध्ये तुमच्या नावावर फक्त घराचं जुनं कर्ज आहे आणि त्याच्यापुढे "बंद" असं स्वच्छ लिहिलंय. ते बघून मला एकदम ते वर्ष आठवलं, शेवटचा हप्ता भरून आलात आणि कोणाला काही न सांगता गॅलरीत जाऊन बसलात ते. इतक्या कष्टाने साफ ठेवलेलं नाव आहे ते, म्हणून माझा इतका जीव तुटतो. त्या चौकशीबद्दल मी तक्रार नोंदवली आहे, अशा तक्रारीवर ३० दिवसांत निकाल द्यावा लागतो, मी तारीख लिहून ठेवलीये.

असे रिपोर्ट ठेवणाऱ्या आपल्याकडे चार कंपन्या आहेत, सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क, आणि प्रत्येकीकडून वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो, तो रिझर्व्ह बँकेचाच नियम आहे. म्हणून मी ठरवलंय की दर तीन महिन्यांनी एकीकडून काढायचा, म्हणजे वर्षभर नजर राहील आणि खर्चही नाही. दादाला पण सांगितलंय.

आता आधारचं लॉक. याने रोजच्यात तुमचं काहीही अडणार नाही, हे मी तीनदा तपासलं. पेन्शन तशीच जमा होईल, पासबुक तसंच भरून मिळेल, एटीएम कार्ड चालेल, गॅस, लाईट बिल, बाबांच्या गोळ्यांची ऑर्डर सगळं जसंच्या तसं. ओटीपीने होणारी आधारची कामंही चालू आहेत. बंद झालंय ते फक्त बोटाचा ठसा, डोळे आणि चेहरा लावून आधार पटवणं. ते का बंद केलं, तर आधार नंबर, बँकेचं नाव आणि बोटाचा ठसा एवढ्यावर पैसे काढता येतात, त्याला कार्ड लागत नाही, पिन लागत नाही, ओटीपी पण नाही. आणि ठसा कुठून मिळणार म्हणाल, तर चोरांनी जमिनीच्या, घरांच्या रजिस्ट्रीच्या कागदांवरचे अंगठे उचलून रबरासारखे ठसे बनवल्याची प्रकरणं पोलिसांनी पकडली आहेत. आपण फ्लॅटच्या रजिस्ट्रीला सगळ्यांनी अंगठे दिलेत. आता लॉक असल्यावर ठसा खरा असो की खोटा, मशीन घेणारच नाही.

एकच ठिकाणी अडेल, नोव्हेंबरमध्ये हयातीचा दाखला देताना. बाबा, तिथे रांगेत उभं राहून "होत नाही" असं ऐकायला लागून तुम्हाला मनस्ताप झाला तर मला फार वाईट वाटेल, म्हणून आधीच सांगते, जायच्या आदल्या दिवशी मला किंवा दादाला कळवा, लॉक थोडा वेळ उघडता येतो, काम झालं की परत लावायचा. त्यासाठी मी किंवा दादा तेव्हा रजा काढून घरी येऊ, मिळून जाऊ.

सिमकार्डांचं बघताना आईच्या नावावर तीन निघाली. एक तिचं, एक बाबांचं, आणि तिसरं दादाचं हॉस्टेलमधलं जुनं! मला ते बघून एकदम भरून आलं, आई तू त्या नंबरवर रोज रात्री नऊ वाजता फोन करायचीस. पण ते बंद करायला टाकलंय. हे सरकारच्या संचार साथी वेबसाईटवर बघता येतं. जुन्या नंबरांची अजून एक भानगड असते, नंबर बंद झाला की काही महिन्यांनी कंपनी तो दुसऱ्या कोणाला तरी देऊन टाकते, आणि आपल्या खात्याला तोच जोडलेला राहिला तर आपले ओटीपी त्या परक्या माणसाला जातात. बाबा, पोस्टातल्या खात्याला तुमचा तो आधीचा नंबर आहे असं मला वाटतंय. या आठवड्यात जाऊन बदलून घ्या. पुढच्या नाही, याच.

आणि आई, तुझी ती पासवर्डची वही. दहा वर्षं मी तुला त्या वहीवरून बोलत आले, ते माझं चुकलं. घरात, कपाटात, साड्यांच्या खाली ठेवलेली वही हजारो किलोमीटर लांबच्या चोराला दिसत नाही, आणि तू प्रत्येक ठिकाणी वेगळा पासवर्ड ठेवतेस हे माझ्यापेक्षा चांगलं करतेस. वही राहू दे. फक्त मोबाईलच्या कव्हरमध्ये पिन लिहिलेली ती चिठ्ठी आहे ना, ती काढ. तिच्या जागी दुसरी चिठ्ठी ठेव, तिच्यावर मोठ्या आकड्यात लिही १९३०. हा सायबर फसवणुकीचा सरकारी फोन नंबर आहे. पैसे गेले असं वाटलं की आधी तिथे फोन, मग बँक, मग आम्ही. आम्हाला आधी करू नका, आम्ही नुसते घाबरून प्रश्न विचारत बसू आणि त्यात वेळ जाईल. पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत थांबवता आले तर आले. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकात पण वेळेलाच महत्त्व दिलंय, ना बँकेची चूक ना आपली, अशी चोरी झाली आणि आपण बँकेचा मेसेज आल्यापासून तीन कामाच्या दिवसांत कळवलं तर आपलं नुकसान शून्य धरायचं असं त्यात आहे. पण ओटीपी आपणच दिला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान आपल्यावर येतं. म्हणून फसलो असं कळलं तर त्याच मिनिटाला सांगायचं. नानाकाका असेच फसले तेव्हा त्यांनी अकरा दिवस कोणाला कळू दिलं नाही. पैशांपेक्षा ते अकरा दिवस त्यांनी एकट्याने कसे काढले असतील याचंच मला जास्त वाईट वाटतं. तुमच्यावर ती वेळ नको. तुमच्या हातून काहीही होऊ दे, मी तुम्हाला एका शब्दाने बोलणार नाही, हे मी लिहून देतेय.

आता सगळ्यात महत्त्वाचं. यापुढे जो फोन येईल ना, त्या माणसाला सगळं माहिती असेल. बाबांचं पूर्ण नाव, जन्मतारीख, पॉलिसी नंबर, स्टेंट कधी घातला, डॉक्टरांचं नाव. तो म्हणेल "काका, तुमचा क्लेम मंजूर झालाय, फक्त एक नंबर सांगा." किंवा बँकेतून बोलतोय म्हणेल, किंवा पोलिस म्हणून व्हिडिओ कॉलवर युनिफॉर्ममध्ये दिसेल आणि तुमच्या आधारवर गुन्हा आहे, तुम्ही डिजिटल अरेस्टमध्ये आहात, खोलीतून हलू नका म्हणेल. असली अटक कायद्यात नाहीच, पंतप्रधानांनी २७ ऑक्टोबर २०२४ च्या मन की बातमध्ये हे सांगितलं होतं, बाबा, तुम्ही ऐकलंही असेल. पण भीतीच्या क्षणी ते आठवत नाही. आपल्याला वाटतं, याला एवढं माहितीये म्हणजे हा तिथलाच असणार. पण ती माहिती तर चोरीला गेलीये ना, आता ती कोणाकडेही असू शकते. माहिती खरी असली तरी माणूस खरा असेल असं नाही. फोन ठेवायचा. उद्धट वाटेल, वाटू दे. मग पासबुकवर किंवा कार्डाच्या मागे छापलेला नंबर बघून आपण स्वतः फोन करायचा, त्याने दिलेल्या नंबरवर नाही.

आणि इथेच मला शनिवारचं फार लागून राहिलंय. मी आईला काय शिकवलं? ओळखीचा आवाज आला, घाई केली, की कारण न विचारता सहा ओटीपी वाचून दाखवायचे. चोर नेमकं हेच करतात, आणि आता तर थोडंसं रेकॉर्डिंग मिळालं तरी कोणाच्याही आवाजाची नक्कल करता येते. उद्या माझ्याच आवाजात रडत फोन आला की "आई, अपघात झालाय, पटकन पैसे पाठव", तर तू पाठवशील, मला माहितीये, मागचापुढचा विचार न करता पाठवशील. म्हणून ठरवलंय, यापुढे मी तुमच्याकडे फोनवर ओटीपी कधीही मागणार नाही. दादा पण नाही. असलं काही काम निघालं तर घरी येईन तेव्हा बाबांच्या शेजारी बसून, त्यांना दाखवत करेन. आणि तरीही माझा आवाज ओटीपी किंवा पैसे मागू लागला तर फोन ठेवून तुम्ही माझ्या नंबरवर परत करा, आणि मला तो शब्द विचारा.

बाबा, तो शब्द आठवतोय ना? मी दुसरीत होते, तुम्हाला शाळेत न्यायला यायला उशीर व्हायचा, तेव्हा तुम्ही आणि मी ठरवला होता. "आईने पाठवलंय असं कोणी म्हणालं तरी जायचं नाही मनू, आधी शब्द विचारायचा." एकदा शेजारचे काका खरंच न्यायला आले होते, त्यांना शब्द माहिती नव्हता, आणि मी फाटकाला घट्ट धरून उभी राहिले, गेलेच नाही, ते बिचारे तुम्ही येईपर्यंत माझ्याबरोबर ताटकळले. घरी आल्यावर आई म्हणाली, काकांना किती वाईट वाटलं असेल, आणि तुम्ही म्हणालात, वाटू दे, पोरीने बरोबर केलं. मला आजही ते तसंच्या तसं ऐकू येतं.

शब्द इथे लिहीत नाही. आईला तो माहिती नाही, तुम्हीच तिला सांगा, कानात सांगा, आणि वहीत लिहू नका.

रविवारी सकाळी फोन करेन. मी हॅलो म्हटल्यावर लगेच तब्येतीचं सांगायला सुरुवात करू नका, आधी शब्द विचारा. आणि बाबा, बीपी लिहून ठेवताय ना, ते पण वाचून दाखवा. आई, गुडघ्याचा पट्टा घालून जिना उतर.

तुमची,
मनू

ता. क. आधारची झेरॉक्स आता कोणालाच सरसकट देऊ नका. फक्त शेवटचे चार आकडे दिसतात असं आधार काढता येतं, त्याच्या प्रती पाकिटात घातल्या आहेत, दोघांच्या पाच-पाच. कोणी मागितली तर ही द्या, आणि तिच्यावर कशासाठी दिली आणि तारीख हे आडवं लिहून सही करा. चालत नाही म्हणाले तर देऊ नका, मला फोन करा.