बोर्ड बदलण्याआधी केबल पाहा

महोदय,

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत चादर-टॉवेलची डिझाइनं करणाऱ्यांना मोठा मॉनिटर लागतोच. लॅपटॉपने तो ओळखला नाही, की काही दुकानांत थेट मदरबोर्ड, म्हणजे लॅपटॉपचा मुख्य सर्किट बोर्ड, बदलायला सांगतात. हे बरोबर नाही.

आधी मॉनिटरच्या बटणाने इनपुट एचडीएमआयवर (लॅपटॉपचं चित्र मॉनिटरला नेणाऱ्या केबलच्या जोडणीवर) आहे ना, ते पाहा. मग विंडोज आणि पी ही बटणं एकत्र दाबून ‘एक्सटेंड’ (मॉनिटर हा जोडीचा पडदा) निवडा. तरीही काही नाही? दोन्हींची वीज काढून, लॅपटॉप पूर्ण बंद करून मिनिटभराने केबल पुन्हा लावा.

खरी फसगत टाइप-सीमध्ये होते. प्रत्येक टाइप-सी पोर्टमधून चित्र जात नाही, आणि चार्जरसोबतची केबल तर बहुतेकदा फक्त वीज व साधा डेटा नेते. व्हीजीए या जुन्या जोडणीच्या मॉनिटरला ‘एचडीएमआय ते व्हीजीए’ असाच कन्व्हर्टर हवा. उलट दिशेचा चालत नाही.

विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये, म्हणजे संगणकाच्या भागांच्या यादीत, ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर’ दिसलं, तर ग्राफिक्स ड्रायव्हर (चित्र दाखवणारा भाग चालवणारं सॉफ्टवेअर) गेलेला आहे. लॅपटॉप कंपनीच्या संकेतस्थळावरून तो फुकट मिळतो. केबल हलवल्यावर चित्र येत-जात असेल आणि दुसऱ्या केबलनेही तेच होत असेल, तर पोर्ट ढिला झालाय. तो एकटा बदलता येतो.

– एक संगणक दुरुस्ती तंत्रज्ञ, सोलापूर