गॅलऱ्यांना हात लावण्याआधी हेरिटेजची परवानगी घ्या

प्रति,
माननीय अध्यक्ष व व्यवस्थापक समिती,
खोताची वाडी, गिरगाव, मुंबई

आदरणीय अध्यक्षसाहेब,
सप्रेम नमस्कार.

फळ्यावर लागलेली दुरुस्तीची नोटीस वाचली. दर्शनी बाजूच्या लाकडी गॅलऱ्या काढून विटांची भिंत आणि अ‍ॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या, बाहेरच्या लाकडी जिन्याच्या जागी लोखंडी जिना आणि सगळ्या इमारतीला सिमेंटचं प्लास्टर, असा प्रस्ताव आहे. खाली लिहिलंय की ही दुरुस्ती असल्यामुळे महापालिकेच्या परवानगीची गरज नाही. ही शेवटची ओळ चूक आहे. तिच्या भरवशावर कंत्राटदाराला आगाऊ रक्कम जाऊ नये, म्हणून हे पत्र तातडीने लिहिते आहे.

साध्या इमारतीला किरकोळ दुरुस्तीसाठी परवानगी लागत नाही, हे खरं. कंत्राटदाराने तीच सवय इथे लावली असावी. पण खोताची वाडी वारसा परिसरांच्या यादीत आहे. 1995 साली मुंबईची वारसा नियमावली आली, तेव्हापासून यादीतल्या इमारतींना आणि परिसरांना वेगळा नियम आहे, आणि तो आता मुंबईच्या सध्याच्या, 2034 सालापर्यंतच्या आराखड्याच्या विकास नियमावलीतही आहे. त्यानुसार बांधकाम, पाडकाम, फेरफार, दुरुस्तीच नव्हे, तर रंगकाम आणि प्लास्टर यांनाही आयुक्तांची आधी लेखी परवानगी लागते. आयुक्त ती देताना मुंबई वारसा संवर्धन समितीचा सल्ला घेतात. आपल्या सर्वसाधारण सभेने एकमताने ठराव केला तरी तो या परवानगीची जागा घेऊ शकत नाही. परवानगीशिवाय काम झालं तर नगररचना कायद्याखाली नोटीस सोसायटीला येते. कंत्राटदार तोवर पैसे घेऊन मोकळा झालेला असतो, आणि केलेलं काम आपल्याच खर्चाने काढावं लागू शकतं.

हेरिटेज म्हटलं की आपल्याकडे लोक दचकतात. खिळाही ठोकू देणार नाहीत, असं जिन्यात बोललं जातं. तसं नाही. वारसा यादीतल्या श्रेणी एकच्या वास्तूंना, म्हणजे सीएसएमटी स्थानकासारख्यांना, नियम फार कडक आहेत. श्रेणी तीनमध्ये आतले-बाहेरचे बदल, नवा वापर, प्रसंगी पुनर्बांधणीसुद्धा परवानगीने होऊ शकते. वारसा समिती एवढंच पाहते की त्या बदलाने परिसराचं रूप बिघडतं का. खोताच्या वाडीचं रूप म्हणजे या गॅलऱ्या, कठडे, बाहेरचे जिने आणि मंगळुरी कौलं. नेमकं तेच आपल्या नोटिशीत काढायला निघालोय.

आता लाकडाबद्दल. दुसऱ्या मजल्यावरच्या कोपऱ्यातला खांब तुम्ही स्वतः येऊन पाहा, ही विनंती. नोटिशीत ज्याला "पूर्ण कुजलेला" म्हटलंय, तो हाच. खालचा वीतभर भाग खरंच भुसभुशीत झालाय, बोट रुततं. कारण त्याच्या शेजारीच मोरीचा पाइप वर्षानुवर्षं गळतोय. त्याच्या वर मात्र ठोकून पाहिलं की सागवान खणखणीत वाजतं. जाणता सुतार कुजका भाग कापून जुन्याच जातीच्या लाकडाचा तुकडा सांधा करून बसवतो, आणि खांब पुन्हा भार घेतो. पण आधी पाइप बदलायला हवा. नोटिशीत पाइपाचा उल्लेखच नाही! गळती तशीच ठेवून नवी विटांची भिंत बांधली, तर ओल तिच्यातही शिरेल.

सिमेंटचंही तसंच आहे. आपल्या भिंती चुन्याच्या आहेत. चुना ओल आत घेतो आणि उन्हात बाहेर सोडतो. वर सिमेंटचा थर चढला की ओल आतच कोंडते, आणि भिंतीत शिरलेली तुळयांची टोकं कुजू लागतात. ते बाहेरून दिसतही नाही. बाहेरून चकाचक आणि आतून पोकळ, अशी इमारत आपल्याला नको.

वयस्कर सभासदांना जिन्याची भीती वाटते, पावसाळ्यात वरच्या मजल्यावर बादल्या लावाव्या लागतात. दुरुस्ती लगेच हवी, याबद्दल माझं दुमत नाही. म्हणूनच आधी स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे इमारतीच्या मजबुतीची तपासणी, व्हावं, आणि ते लाकडी इमारतींचा अनुभव असलेल्या अभियंत्याकडून. ऑडिटमध्ये इमारत सी-1, म्हणजे अतिधोकादायक, ठरली, तर महापालिका तिच्या कायद्यातल्या 354 कलमाची नोटीस देऊन ती रिकामी करून पाडायला लावू शकते. शेजारचे प्लॉट जोडून टॉवर बांधण्याच्या गोष्टी वाडीत सुरू आहेत, त्यामुळे हे ऑडिट कोण करतो याला फार महत्त्व आहे. बिल्डरने सुचवलेला माणूस मला मान्य नाही.

जुनं नीट उभं राहतं का, हे पाहायला लांब जायला नको. आपल्याजवळचं रॉयल ऑपेरा हाऊस 1993 मध्ये बंद पडलं होतं. वारसा संवर्धन करणाऱ्या वास्तुविशारदाच्या देखरेखीखाली त्याचं काम झालं आणि 2016 मध्ये ते पुन्हा उघडलं. 2017 मध्ये त्याला युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक वारसा संवर्धन पुरस्कार मिळाला. त्यांच्याइतका पैसा आपल्याकडे नाही, मान्य. पण आपल्याला नाट्यगृह उभारायचं नाही, काही खांब, कठडे आणि एक जिना सावरायचाय.

तेव्हा माझी मागणी अशी: कंत्राटदाराचं काम आणि आगाऊ रक्कम थांबवावी, मोरीचा पाइप या आठवड्यात बदलावा, आणि विशेष सर्वसाधारण सभा बोलावून संवर्धन वास्तुविशारदाच्या नेमणुकीचा विषय घ्यावा. अर्ज, नकाशे आणि फोटो त्यांच्यामार्फत महापालिकेच्या हेरिटेज विभागात जातील. जिन्याला तोवर तात्पुरता टेकू देता येईल. कागदपत्रं गोळा करायला आणि महापालिकेत खेपा घालायला मी तयार आहे. इमारतीचे जुने फोटो ज्यांच्या घरी असतील त्यांनी ते माझ्याकडे द्यावेत, अर्जाला लागतील. या पत्राची पोच द्यावी आणि प्रत फळ्यावर लावावी, ही विनंती.

आपली,
एक सभासद, दुसरा मजला