मोटार भरून आणली, पण बसवली कशी?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

साखर कारखाने आणि जिनिंगचा हंगाम तोंडावर आला की मराठवाड्यात विजेच्या मोटारी भरून घेण्याची, म्हणजे जळालेलं वाइंडिंग (तांब्याच्या तारेची वेटोळी) काढून नवं घालून घेण्याची घाई सुरू होते. भरून आलेली मोटार चार बोल्ट आवळून चालू केली जाते, अन् दोन महिन्यांत पुन्हा जळते. बोल मात्र मोटार भरणाऱ्याला लागतो. पुष्कळदा खरं कारण वेगळं असतं. मोटारीचा आणि पंपाचा शाफ्ट, म्हणजे फिरणारा दांडा, एका रेषेत नसतो. तो ताण बेअरिंगवर येतो, बेअरिंग गेलं की रोटर (फिरणारा भाग) स्टेटरला (बाहेरच्या स्थिर भागाला) घासतो आणि वाइंडिंग जळतं.

मुख्य स्विचला कुलूप लावून बेसवरचा गंज आणि रंग खरवडावा. मग मोटारीचे पाय तपासावेत. चारही बोल्ट आवळून एका पायावर डायल गेज (बारीक हालचाल काट्यावर दाखवणारं मापक) लावावं आणि तेवढाच बोल्ट सैल करावा. काटा 0.05 मिमीपेक्षा जास्त हलला तर तो पाय अधांतरी आहे. फीलर गेजने (ठराविक जाडीच्या पात्यांनी) फट मोजून शिम, म्हणजे मापाची पातळ पट्टी, पायाखाली घालावी. डब्याचा पत्रा कापून घालू नये. तो दबतो, गंजतो आणि चार-सहा थर झाले की स्प्रिंगसारखा हलतो. स्टेनलेस शिम वापराव्यात, एका पायाखाली फार तर तीन-चार.

कपलिंगवर (दोन्ही शाफ्ट जोडणाऱ्या चकत्यांवर) सरळ पट्टी ठेवून काम भागत नाही, ती फक्त सुरुवातीला. एका शाफ्टला ब्रॅकेटने डायल गेज बांधून, दोन्ही शाफ्ट एकत्र फिरवून कपलिंगच्या वर, खाली, डावीकडे, उजवीकडे रीडिंग घ्यावं. वर-खालची बेरीज डाव्या-उजव्या बेरजेशी जुळली नाही तर ब्रॅकेट सैल आहे. कपलिंगच्या बाहेरच्या कडेवर वर-खाली 0.20 मिमी फरक आला तर शाफ्टच्या उंचीतली चूक 0.10 मिमीची असते. इथे हमखास दुप्पट शिम पडते. कपलिंग 200 मिमी व्यासाचं, त्याच्या दोन चकत्यांमधली वरची फट खालच्यापेक्षा 0.10 मिमीने जास्त आणि मोटारीच्या पुढच्या-मागच्या पायांत 500 मिमी अंतर असेल, तर मागच्या दोन्ही पायांखाली 0.25 मिमीची शिम लागते. त्यानंतर उंची पुन्हा मोजावी. मोटार आडवी सरकवायला जॅक बोल्ट (ढकलणारे बोल्ट) असावेत, घण नको.

मोटार तापली की वर येते, हे तर कुणी धरतच नाही. 315 मिमी शाफ्ट-उंचीची बिडाची मोटार 40 अंशांनी तापली तर शाफ्ट सुमारे 0.14 मिमी उचलला जातो. थंड पाण्याचा पंप तिथेच राहतो. म्हणून उत्पादकाने दिलेल्या आकड्याप्रमाणे मोटार थंड असताना तेवढी खाली ठेवावी. पाइपाचा फ्लँज (बोल्टने जोडायची कडी) ओढून जोडला असेल तर पंपच वाकडा होतो. फ्लँज आवळताना गेज लावून ठेवावं.

गिरणीमालकांना आणि पाणीपुरवठ्याची कामं देणाऱ्यांना कळकळीची विनंती आहे. बोल्ट आवळण्याआधीचं आणि नंतरचं रीडिंग लिहिलेला कागद बिलासोबत मागावा. आठ दिवस पूर्ण लोडवर चालल्यावर त्याच कागदावर पुन्हा रीडिंग लिहून घ्यावं.

आपले,
मोटार-पंप जोडणीचे काम करणारे फिटर,
लातूर